ब्रोशरच्या मलपृष्ठावरचा आकडाही छापा

महोदय,

जुन्या मोटारींवरचा मजकूर वर्तमानपत्रांत आवडीने वाचला जातो. त्याच्या जोडीला बहुतेकदा कंपनीच्या जुन्या ब्रोशरमधले एखादे रंगीत चित्र असते आणि खाली ओळ असते, 'अमुक कंपनीची अमुक गाडी, १९६१'. हे पत्र त्या ओळीविषयी आहे. ब्रोशरमध्ये छापले ते त्या वर्षी विकले गेलेच, असे धरून चालण्याची सवय लिहिणाऱ्यांना आहे, संग्राहकांना आहे आणि गाडी मूळच्यासारखी करायला बसलेल्यांनाही आहे. त्यातून नको त्या चुका होतात. ब्रोशर छापखान्यात गेले त्या दिवशी कंपनीने काय ठरवले होते, एवढेच त्यातून कळते. नंतर कंपनीचा बेत बदलला तरी छापलेला कागद बदलत नाही.

फोक्सवॅगन १५०० घ्या. सप्टेंबर १९६१ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात बंद टपाच्या गाडीबरोबर कापडी टपाची कॅब्रिओलेही मांडली होती आणि सुरुवातीच्या ब्रोशरांत तिचे चित्र होते. ही कॅब्रिओले उत्पादनात कधी आलीच नाही. नमुन्यादाखल मोजक्या गाड्या बनल्या आणि बेत सोडून दिला गेला. ब्रोशर हातात घेऊन ही गाडी बाजारात शोधणारा जन्मभर शोधत राहील. शेवरले कॉर्व्हेटचेही तसेच. १९७० च्या ब्रोशरमध्ये ४५४ घनइंचाच्या, ४६० अश्वशक्तीच्या एलएस७ इंजिनाचा पर्याय छापलेला आहे, पण त्या इंजिनाची गाडी गिऱ्हाइकांना मिळाली नाही. आज कोणी '१९७० ची मूळ एलएस७ कॉर्व्हेट' म्हणून गाडी दाखवली आणि पुरावा म्हणून ब्रोशर पुढे केले, तर तो पुरावा धरता येत नाही.

याच्या उलट प्रकारही आहे : गाडी खरोखर निघाली, पण फार थोडी. १९६१ ची डेसोटो बाजारात येऊन काही आठवडेच झाले होते, तोच ३० नोव्हेंबर १९६० रोजी क्रायस्लरने हे नावच बंद करत असल्याचे जाहीर केले. त्या वर्षाच्या ३,०३४ गाड्या बनल्या. फोर्डची १९६० ची एडसेल नोव्हेंबर १९५९ मध्येच थांबली. एकूण २,८४६ गाड्या, त्यांपैकी उघड्या टपाच्या फक्त ७६. दोन्हींची ब्रोशर्स तोपर्यंत छापून विक्रेत्यांच्या टेबलांवर गेली होती. अशा मॉडेलांच्या बाबतीत ब्रोशर फार मोलाचे ठरते. गाडीच इतकी कमी की प्रत्यक्ष पाहून तुलना करायला दुसरी सापडत नाही. रंगांच्या जोड्या, आतले कापड, चाकावरच्या टोप्या, चकचकीत पट्ट्यांच्या जागा हे सगळे त्या चार-आठ पानांतूनच पाहावे लागते.

कमी माहितीतल्या मॉडेलांसाठी ब्रोशर कसे कामी येते, हे सिट्रोएन २सीव्ही साहाराच्या चित्रावरून चांगले कळते. या गाडीला ४२५ सीसीची दोन इंजिने, एक पुढे आणि एक डिकीत. पुढचे पुढची चाके फिरवते, मागचे मागची. दोन्हींसाठी वेगळी चावी, वेगळी पेट्रोलची टाकी. टाक्या पुढच्या दोन बैठकांखाली आहेत, म्हणून पेट्रोल भरायची तोंडे दरवाजांतून बाहेर येतात. ब्रोशरमधल्या चित्रात पुढच्या दरवाजाच्या खालच्या भागात तो कापलेला भाग नीट पाहा. जादा चाक डिकीत मावत नाही, म्हणून ते बॉनेटवर बसवलेले. साध्या २सीव्हीच्या बॉनेटवर चाक ठोकून तिला साहारा म्हणणाऱ्यांची फसवणूक दरवाजातल्या या तोंडावरून लगेच उघडी पडते. साहारा एकूण ६९४ बनल्या.

सिट्रोएनचीच बिजू इंग्लंडमधल्या स्लाव येथे १९५९ ते १९६४ या काळात बनली. २सीव्हीच्या यंत्रावर फायबरग्लासचा देखणा साज चढवलेली ही गाडी जेमतेम २१० च्या आसपास निघाली. चित्रात ती चपळ दिसते. फायबरग्लासचा सांगाडा मूळ पत्र्यापेक्षा जड आहे आणि इंजिन तेच, त्यामुळे वेग घ्यायला ती २सीव्हीपेक्षाही मंद, हे ब्रोशरमध्ये कोण लिहिणार? १९५२-५३ ची ऑलस्टेट ही तर कैसर कंपनीची हेन्री जे गाडीच, सिअर्स या अमेरिकन दुकानसाखळीने आपल्या नावाने विकलेली. पुढची जाळी आणि आतली कापडे वेगळी, टायर आणि बॅटरी सिअर्सच्या स्वतःच्या. एकूण २,३६३. या दोन गाड्यांची ब्रोशर्स शेजारी ठेवल्याशिवाय कुठला भाग कोणाचा हे ठरत नाही. माझदाची रोडपेसर (१९७५ ते १९७७) ऑस्ट्रेलियातून इंजिनाविना आणलेल्या होल्डनच्या सांगाड्यात १३बी हे फिरते (रोटरी) इंजिन बसवून केलेली. सुमारे ८०० गाड्या. एवढ्या जड गाडीला हे छोटे इंजिन ओढून न्यायचे तर पेट्रोल भरमसाट लागते, आणि तेही तेलटंचाईच्या वर्षांत. ब्रोशरच्या पानांवर मात्र शांतता आणि रुबाब.

डॉजच्या ला फाम या गाडीत तर सामानाची यादीच महत्त्वाची. १९५५ च्या गाडीबरोबर हँडबॅग, लिपस्टिकची डबी, कंगवा, पावसाळी कोट आणि छत्री असा संच होता आणि रंग गुलाबी-पांढरा. १९५६ ला रंग जांभळट छटांचे झाले आणि संच कोट, टोपी, छत्री यांवर आला. १९५६ च्या गाडीत हँडबॅग ठेवून 'पूर्ण संच' म्हणून मिरवणारे कमी नाहीत. ज्या त्या वर्षाचे पत्रक पाहिले असते तर ही चूक टळली असती.

ब्रोशर जे गाळते तेही वाचायला शिकले पाहिजे. अमेरिकेतल्या क्रॉस्लीचे 'कोब्रा' इंजिन पातळ पोलादी पत्र्याचे भाग तांब्याने झाळून केलेले होते. वजनाला अतिशय हलके, आणि जाहिरातीत त्याचाच डंका. पण पाण्यात तांबे आणि पोलाद एकत्र आले की पोलाद कुरतडले जाते. पाण्याच्या कप्प्यांना आतून भोके पडू लागली, आणि १९४९ मध्ये कंपनी बिडाच्या इंजिनावर गेली. त्याच वर्षीच्या हॉटशॉट मॉडेलला डिस्क ब्रेक होते. बर्फ वितळवायला रस्त्यांवर टाकलेल्या मिठाने ते जाम होत, म्हणून थोड्याच काळात पुन्हा ड्रम ब्रेक आले. याचा अर्थ असा की क्रॉस्लीचे ब्रोशर कुठल्या महिन्याचे आहे हे कळल्याशिवाय त्यातल्या इंजिनाविषयी किंवा ब्रेकविषयी काहीच ठामपणे म्हणता येत नाही. स्टुडबेकरच्या १९६३ च्या वॅगनेअरचे मागचे टप पुढे सरकवून उंच सामान उभे नेता येत होते. कल्पना उत्तम, पण फटीतून पाणी गळे. त्याच वर्षात पक्क्या टपाचा पर्याय निघाला. पहिल्या आणि नंतरच्या छपाईतला हा फरक म्हणजे त्या गळतीची कंपनीने दिलेली अप्रत्यक्ष कबुलीच. जर्मनीतल्या लॉइड एलपी ३०० चे अंग प्लायवूडवर कृत्रिम कातडे ताणून केलेले. शिवणीतून पाणी शिरले की लाकूड कुजते. चित्रात ते पत्र्यासारखेच गुळगुळीत दिसते.

आता चित्रकारांविषयी. १९५० च्या दशकात फोक्सवॅगनची ब्रोशर्स रंगवणारे बर्न्ट रॉयटर्स बीटलला लांब, बुटकी आणि वाऱ्यासारखी काढत. आतली माणसे लहान काढली की गाडी आपोआप ऐसपैस दिसते. पाँटिॲकसाठी १९५९ पासून आर्ट फिट्झपॅट्रिक गाडी रंगवत आणि व्हॅन कॉफमन भोवतालची माणसे आणि देखावा. कंपनीला चाकांमधले रुंद अंतर मिरवायचे होते, तेव्हा गाडी चित्रात आणखी रुंद झाली. ही चित्रे कला म्हणून अप्रतिम आहेत आणि ती तशीच जपली पाहिजेत. त्यांवरून मडगार्डचा उतार किंवा पट्टीची उंची मापणे मात्र सोडून द्यावे. साधी परीक्षा अशी : चित्रात चाकाचा व्यास आणि दोन आसांमधले अंतर मोजा, त्यांचे गुणोत्तर काढा आणि मागच्या पानावरच्या तांत्रिक तक्त्यातल्या आकड्यांशी ताडून पाहा. तिरप्या कोनातल्या चित्राला हे लागू पडत नाही, सरळ बाजूच्या चित्राला पडते.

छायाचित्र असले म्हणजे ते खरे, असेही नाही. कधी कधी स्टिअरिंग डावीकडे असलेल्या गाडीचा फोटो उलटा छापून ती उजवीकडे स्टिअरिंग असलेली केलेली असते. चालकाच्या कोटाचा छातीवरचा खिसा त्याच्या डाव्या बाजूला हवा, तो त्याच्या उजव्या बाजूला दिसला की समजावे. काचेवरच्या वायपरचा कल आणि पेट्रोलच्या झाकणाची बाजूही पाहावी. नावाची अक्षरे आणि नंबरप्लेट कलाकार दुरुस्त करतो, खिसा विसरतो.

तक्त्यातल्या आकड्यांची आणखी एक मेख आहे. बीटलच्या एकाच १२०० सीसी इंजिनासाठी जर्मन ब्रोशर ३४ अश्वशक्ती म्हणते आणि अमेरिकन ब्रोशर ४०. दोन्ही बरोबर. जर्मन आकडा डीआयएन पद्धतीचा, पंखा-सायलेन्सर सगळे जोडून मोजलेला. अमेरिकन आकडा एसएई पद्धतीचा, उघड्या इंजिनाचा. अमेरिकेत १९७२ च्या मॉडेलांपासून सगळे जोडून मोजलेले आकडे छापू लागले, आणि जनरल मोटर्सने १९७१ मध्ये दोन्ही दिले होते. '१९७२ ला इंजिन एकदम कमजोर केले' असे जे सर्रास लिहिले जाते, त्यातला बराच भाग नुसत्या मोजणीतल्या बदलाचा आहे.

साल ठरवताना अमेरिकन गाड्यांचे 'मॉडेल वर्ष' आदल्या शरद ऋतूत सुरू होते हे ध्यानात हवे. १९५८ ची एडसेल ४ सप्टेंबर १९५७ रोजी बाजारात आली. म्हणून मलपृष्ठाच्या खालच्या कोपऱ्यातला बारीक आकडा सगळ्यांत आधी वाचावा. तिथे प्रकाशन क्रमांक असतो, बऱ्याचदा महिना आणि साल असते, सुधारित छपाई असेल तर शेवटी एखादे अक्षर किंवा 'सुधारित' अशी खूण असते, आणि कुठल्या देशासाठी व भाषेसाठी छापले तेही कळते. एकाच मुखपृष्ठाची दोन ब्रोशर्स या कोपऱ्यात वेगळी निघतात आणि मग आत शोधले की एखादा रंग गळालेला किंवा एखादे मॉडेल वगळलेले सापडते. आत सुटी चिठ्ठी असेल, दरपत्रक, चूकदुरुस्ती किंवा रंगांचा तक्ता, तर ती ज्या पानात होती तिथेच ठेवावी. ब्रोशरपेक्षा चूकदुरुस्तीची चिठ्ठी जास्त खरी, तिच्यापेक्षा सुट्या भागांची यादी, आणि सगळ्यांवर गाडीवरची चॅसिस पट्टी. वाद झाला तर हाच क्रम लावावा.

नकली प्रतींबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण इथे जाणकारही फसतात. दहापट भिंगाखाली अक्षरे पाहा. ऑफसेट छपाईच्या मूळ प्रतीत काळी अक्षरे भरीव असतात, कडा स्वच्छ. छापील पानाचा फोटो घेऊन पुन्हा छापले की अक्षरेसुद्धा ठिपक्यांची होतात आणि चित्रावर ठिपक्यांच्या दोन जाळ्या एकमेकींवर पडून लाटांसारखी नक्षी उठते. मात्र एक अपवाद नीट लक्षात ठेवावा. ग्रॅव्ह्युअर पद्धतीने, म्हणजे कोरलेल्या नळकांड्यावरून, छापलेल्या मूळ ब्रोशरमध्ये सगळे पानच जाळीतून जाते, म्हणून तिथे अस्सल प्रतीतही अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसतात. एवढ्यावरून तिला नकली ठरवू नये. ग्रॅव्ह्युअरच्या गडद भागांत शाई मखमलीसारखी दाट बसलेली असते, ती खूण. इंकजेटचे ठिपके विस्कळित फवाऱ्यासारखे दिसतात, लेझरची शाई कागदावर बसते आणि घडीवर तडकते. अतिनील दिव्याखाली १९५० च्या आधीचे म्हणवले जाणारे पान निळसर पांढरे लखलखले तर संशय घ्यावा, कारण कागदात उजळवणारी रसायने सर्रास त्यानंतर आली. न लखलखणे हा मात्र अस्सलपणाचा पुरावा नव्हे. तसा कागद आजही मिळतो.

जपणुकीत सगळ्यांत मोठा शत्रू पाणी. ब्रोशरचा गुळगुळीत कागद चिनी मातीच्या लेपाचा असतो. भिजून मिटलेल्या अवस्थेत वाळला की लेप एकमेकांना चिकटतो आणि पाने दगडासारखी एक होतात. मग ती सोडवता येत नाहीत, ओढली तर चित्र समोरच्या पानावर निघून येते. म्हणून भिजलेले ब्रोशर ओले असतानाच, पहिल्या काही तासांत, उघडावे. प्रत्येक पानामध्ये सिलिकॉनचा लेप असलेला न चिकटणारा कागद घालावा, बाहेरून टिपकागद ठेवावा आणि टिपकागद ओला झाला की बदलावा. एकदम पुष्कळ भिजले असेल आणि हात पुरत नसतील तर पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये गोठवावे. गोठलेले पान चिकटत नाही आणि पुढचे काम सवडीने तज्ज्ञाकडून करून घेता येते. इस्त्री कधीही फिरवू नये, लेप चकाकतो आणि फुटतो.

गंजलेल्या पिना नखाने किंवा पिनकाढणीने उपटू नयेत. घडीवरचा कागद आधीच ठिसूळ झालेला असतो, तिथे चीर जाते. मधले पान उघडून पिनेच्या पायांखाली पॉलिस्टर फिल्मचा छोटा तुकडा सरकवावा, पातळ बोथट पात्याने दोन्ही पाय सरळ उभे करावेत, मग बाहेरच्या बाजूने पिनेची पाठ अलगद उचलावी. गंजाची भुकटी कोरड्या मऊ ब्रशने झाडावी, पाणी किंवा गंज काढायचे रसायन लावू नये. त्याच भोकांतून बारीक, न रंगवलेला सुती किंवा लिननचा दोरा घालून आत घडीवर गाठ मारावी. दोरा ताणून आवळला तर तोच कागद कापतो, म्हणून पाने सैल हलतील इतका ढिला ठेवावा. नवी भोके पाडायची गरज नसते. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावणे हा तर गुन्हाच. तिचा गोंद कागदात मुरतो, पिवळा पडतो आणि पट्टी गळून पडली तरी डाग राहतो. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ, एवढे पुरते, आणि ती पुढे कधी काढायची झाली तर पाण्याने सुटते.

ठेवायला पॉलिस्टर किंवा पॉलिप्रोपिलीनच्या पिशव्या, ७५ ते १०० मायक्रॉन जाडीच्या. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या नकोत. त्यांतले तेलकट द्रव्य बाहेर येऊन शाई प्लास्टिकला चिकटते. हीच गोष्ट विक्रेत्यांच्या जाड अल्बमांतही घडते. त्यांत बैठकांच्या कापडाचे आणि रेक्झिनचे खरे तुकडे डकवलेले असतात. रेक्झिनचा तुकडा समोरच्या पानाला चिकटतो, म्हणून मध्ये सिलिकॉनचा कागद घालावा. लोकरी तुकड्यांना कसर लागते. संशय आला तर अल्बम हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवावा आणि बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस न उघडता तशीच राहू द्यावी, नाहीतर थंड कागदावर दव धरते. हवेतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान बरी. ६५ च्या वर गेली की बुरशी धरू लागते. काही महागड्या ब्रोशरांत पारदर्शक ॲसिटेटची पाने असतात. त्यांना व्हिनेगरचा वास येऊ लागला की ती वेगळी काढून ठेवावीत, तो आम्लाचा वास आहे आणि शेजारच्या पानांनाही खातो. रबरबँड, क्लिप, लॅमिनेशन यांविषयी वेगळे सांगायला नको.

स्कॅन ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) करावे. ३०० वर छपाईची जाळी आणि स्कॅनरची जाळी यांचा मेळ बसत नाही आणि लाटा उठतात. पानामागे काळा कागद ठेवला की पाठचे चित्र उमटत नाही. मूळ फाइल कोणताही साज न करता जपावी. आणि मलपृष्ठ स्कॅन करायचे कधीही सोडू नये, कारण बहुतेक जण नेमके तेच सोडतात.

म्हणून आपल्याला विनंती अशी की ब्रोशरमधले चित्र छापताना कंपनी, मॉडेल, ब्रोशरची भाषा किंवा देश, मलपृष्ठावरचा क्रमांक आणि छपाईचा महिना-साल एवढे ओळीत यावे. चित्र हाताने काढलेले असेल तर 'चित्र' म्हणावे, 'छायाचित्र' म्हणू नये. वर सांगितलेल्या फोक्सवॅगनच्या चित्राखाली उदाहरणार्थ अशी ओळ चालेल : 'फोक्सवॅगन १५०० कॅब्रिओले, कंपनीच्या जर्मन ब्रोशरमधून, १९६१. ही गाडी उत्पादनात आली नाही.'

आपले,
जुन्या मोटारींचे छापील कागद जपणारे काही वाचक